सालामांका विद्यापीठात स्पॅनिश शिकताना: आठशे वर्षांचा इतिहास आणि तयारीचा क्रम

स्पॅनिश शिकण्यासाठी स्पेनला जायचे ठरले, की बहुतेक मराठी विद्यार्थी आधी माद्रिद किंवा बार्सेलोना यांचा विचार करतात. या दोन्ही शहरांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण माद्रिदच्या गर्दीत परदेशी माणसाचे काम इंग्रजीवर भागून जाते आणि बार्सेलोनात रस्त्यावरच्या पाट्यांपासून शाळांपर्यंत कातालान भाषेचा वावर मोठा आहे. माद्रिदच्या वायव्येला साधारण दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले सालामांका हे सुमारे दीड लाख वस्तीचे शहर मात्र विद्यापीठावर आणि विद्यार्थ्यांवर जगते. येथे बोलली जाते ती कास्तीयन, म्हणजे जिला आपण स्पॅनिश म्हणतो तीच भाषा, आणि ती परदेशी माणसाला शिकवण्याची येथील विद्यापीठाला 1929 पासूनची सवय आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सालामांकाला अवश्य जावे, पण स्पॅनिशचा श्रीगणेशा करण्यासाठी जाऊ नये. क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे आणि आकडे घरी बसून पाठ होतात. त्यासाठी युरोपातले घरभाडे भरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. घरमालकिणीशी दोन वाक्ये बोलता येतील आणि भिंतीवरचा मजकूर अडखळत का होईना वाचता येईल, इतकी तयारी करून गेलेला विद्यार्थी दोन महिन्यांत जे मिळवतो, ते कोऱ्या पाटीने गेलेल्याला सहा महिन्यांतही मिळत नाही. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती आखलेला आहे.

जाण्यापूर्वी इतिहास का वाचावा

लेओनचा राजा आल्फोन्सो नववा याने 1218 मध्ये सालामांकात विद्यापीठ स्थापन केले. त्या वेळी देवगिरीवर यादव राजा सिंघण राज्य करीत होता, म्हणजे ज्ञानेश्वरी अजून लिहिली जायची होती. या राजाचा नातू आल्फोन्सो दहावा याने 1254 मध्ये सनद देऊन अध्यासने आणि त्यांचे वेतन निश्चित केले. त्यात कायद्याच्या अध्यासनांबरोबर ऑर्गन वाजवणाऱ्या संगीतशिक्षकाचीही तरतूद होती आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचीही. पुढच्याच वर्षी पोप अलेक्झांडर चौथा याने येथील पदव्यांना ख्रिस्ती जगतात सर्वत्र मान्यता दिली. स्पेनमधील आजही चालू असलेले हे सर्वात जुने विद्यापीठ आहे. आपले मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये सुरू झाले, तेव्हा सालामांकाने सहाशे वर्षे केव्हाच ओलांडली होती.

सुरुवातीला वर्ग जुन्या कॅथेड्रलच्या आवारात भरत आणि स्वतंत्र इमारती पंधराव्या शतकात उभ्या राहिल्या. कॅथेड्रलमधल्या सांता बार्बारा कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, पदवीची परीक्षा होत असे. आदल्या रात्री उमेदवाराला तेथे एकट्याला कोंडून ठेवत आणि तो एका बिशपच्या समाधीच्या पुतळ्याला पाय टेकवून अभ्यास करी, असे सांगतात. उत्तीर्ण झालेला मुख्य दाराने मिरवत बाहेर पडे आणि नापास झालेल्याला गाड्यांच्या दाराने, म्हणजे मागच्या बाजूने, काढता पाय घ्यावा लागे. मोठ्या संकटापूर्वीची अस्वस्थ प्रतीक्षा सांगायला स्पॅनिशमध्ये ‘एस्तार एन कापिया’, म्हणजे ‘कपेलात असणे’, असे म्हणतात. हा वाक्प्रचार त्या कपेलात उभे राहून एकदा ऐकला की वहीत लिहून घ्यावा लागत नाही.

डॉक्टर झालेल्या माणसाचे नाव लाल रंगात भिंतीवर लिहिण्याची चाल होती. त्या रंगात बैलाचे रक्त मिसळत असत. ‘व्हीतोर’ या शब्दातील सगळी अक्षरे एकमेकांत गुंफून केलेले ते चिन्ह आजही विद्यापीठाच्या आणि कॅथेड्रलच्या सोनेरी दगडावर जागोजागी दिसते. जवळून पाहिले तर दगडाच्या रंध्रांत तो तांबूस रंग मुरलेला दिसतो. काही नावे पुसट, काही अगदी अलीकडची. नव्या विद्यार्थ्याला मी पहिला गृहपाठ हाच सुचवतो: एक व्हीतोर निवडावे, त्यातली अक्षरे एकेक करून सोडवावीत आणि शेजारचे नाव मोठ्याने वाचावे.

भाषेच्या विद्यार्थ्याला या इतिहासातील तीन माणसे ठाऊक असावीत. पहिला आन्तोनियो दे नेब्रिखा. येथेच शिकलेल्या आणि येथेच शिकवलेल्या या पंडिताचे कास्तीयन भाषेचे व्याकरण 1492 मध्ये, कोलंबस पश्चिमेकडे निघाला त्याच वर्षी, सालामांकात छापले गेले. लॅटिनला व्याकरण असते, बोलीभाषेला कशाला हवे, असे मानण्याच्या काळात एका चालत्याबोलत्या युरोपीय भाषेचे छापील व्याकरण निघणे ही मोठी गोष्ट होती. व्याकरणे लिहून परक्या भाषा शिकण्याची जी रीत पुढे मिशनऱ्यांनी जगभर नेली, तिचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी भाषेचे व्याकरण 1640 मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले, ते याच परंपरेतले.

दुसरे फ्राय लुईस दे लेओन, येथील प्राध्यापक आणि मठवासी कवी. बायबलच्या प्रचलित लॅटिन पाठातील चुका दाखवणे आणि त्यातील प्रेमगीतांचा भाग लोकभाषेत आणणे या अपराधांसाठी धर्मन्यायालयाने त्यांना 1572 मध्ये कैदेत टाकले. ते 1576 मध्ये सुटले. परत येऊन वर्गावर उभे राहिल्यावर ‘काल आपण म्हणत होतो’ एवढेच बोलून त्यांनी व्याख्यान पुढे सुरू केले, अशी आख्यायिका आहे. ते वाक्य स्पॅनिशमध्ये ‘देसियामोस आयेर’ असे आहे. अपूर्ण भूतकाळाचे याहून चांगले उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. देववाणीतले ज्ञान लोकांच्या भाषेत आणल्याबद्दल छळ सोसण्याची गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. पैठणचे एकनाथ महाराज फ्राय लुईस यांचे समकालीनच होते. फ्राय लुईस यांच्या नावाचा वर्ग विद्यापीठात आजही दाखवला जातो. तेथील बाके म्हणजे जेमतेम तासलेले लाकडी ओंडके आहेत.

तिसरे मिगेल दे उनामुनो. ग्रीकचे प्राध्यापक म्हणून 1891 मध्ये येथे आले आणि 1900 मध्ये कुलगुरू झाले. एका हुकूमशहाने त्यांना हद्दपार केले आणि दुसऱ्याच्या राज्यात ते घरात अडकून वारले. 12 ऑक्टोबर 1936 रोजी विद्यापीठाच्या सभागृहात, यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर निषेधाचे भाषण केले. ‘तुम्ही जिंकाल, पण पटवू शकणार नाही’ हे त्यांच्या नावावरचे वाक्य नेमके तसेच उच्चारले गेले का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ‘व्हेन्सेर’ म्हणजे जिंकणे आणि ‘कोन्व्हेन्सेर’ म्हणजे पटवणे, या दोन क्रियापदांची जोडी विद्यार्थ्याच्या कायमची लक्षात राहते.

घरी कोणती तयारी करावी

युरोपातील भाषाशिक्षण अ1, अ2, ब1, ब2, क1, क2 अशा सहा पायऱ्यांत मोजले जाते. निघण्यापूर्वी निदान अ2 पूर्ण करावे, ब1 चालू असेल तर उत्तम. पुण्यामुंबईत खाजगी वर्ग आहेत, दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वांतेस ही संस्था आहे, आणि ऑनलाइन शिकवण्यांना आता तोटा नाही.

मराठी माणसाने मात्र ही तयारी इंग्रजीच्या मार्फत करू नये, असा माझा आग्रह आहे. ‘मला कॉफी आवडते’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता होतो. मराठीत क्रियापद कॉफीप्रमाणे चालते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तसेच आहे: ‘मे गुस्ता एल काफे’. वस्तू अनेक झाली की आपण ‘पुस्तके आवडतात’ म्हणतो, ते ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना या रचनेसाठी अनेक तास घालवावे लागतात. आपल्याला ती आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते आणि तरीही आपण इंग्रजीतून विचार करून ती अवघड करून घेतो. सर्वनाम गाळण्याचेही तसेच. ‘येतो’ म्हटले की कोण येतो ते कळते, तसे ‘व्हेंगो’ म्हटले की ‘यो’ लागत नाही. ‘त्याने यावे असे मला वाटते’ यातले ‘यावे’ हे रूप डोळ्यांसमोर ठेवले, तर स्पॅनिशमधील सुब्खुन्तिव्होची, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपाची, भीती अर्धी कमी होते. ‘कियेरो के व्हेंगा’ मधले ‘व्हेंगा’ साधारण तेच काम करते. तंतोतंत जुळणी नाही, पण पाय ठेवायला जागा मिळते.

उच्चारातही आपले पारडे जड आहे. स्पॅनिशमधील त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ टेकवून होतात, आणि प, त, क यांत हवेचा झोत नसतो. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतला र. दुसरा र जिभेने खडखडवावा लागतो. दुसरी अडचण ब आणि व्ह या अक्षरांची. स्पॅनिश माणूस दोन्हींचा उच्चार सारखाच करतो, आणि मी या लेखात लिपी पाहून ‘व्ह’ लिहिला असला तरी कानाला तो ‘ब’ च्या जवळचा ऐकू येईल. स्पेनच्या बहुतेक भागात झेड आणि मऊ सी (e किंवा i च्या आधीचा c) यांचा उच्चार जीभ दातांच्या मध्ये आणून करतात. आपला थ त्याच्या जवळ जातो, पण तो नव्हे.

खरा घाम फुटतो तो ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांच्यापाशी. आपल्या एकट्या ‘आहे’ चे काम तेथे दोन क्रियापदांनी वाटून घेतले आहे. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे त्याला आत्ता कंटाळा आला आहे. दोन्हींत गफलत झाली तर समोरच्याचा अपमान होतो, म्हणून या एका विषयावर घरी पंधरा दिवस घालवले तरी ते वाया जात नाहीत.

शब्दसंग्रहाला पोर्तुगीज मार्गे आलेले आपले जुने पाहुणे मदत करतात. चावी, बटाटा, पाव, पगार हे शब्द पोर्तुगीजांनी दिले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी असल्याने तेथे ‘यावे’, ‘पाताता’, ‘पान’ आणि पैसे देणे या अर्थाचे ‘पागार’ भेटतात. पोर्तुगीज येणारे आजीआजोबा घरात असलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्याला हा फायदा आणखी मोठा. पण सावध राहावे. आपला पेरू तेथे ‘ग्वायाबा’ असतो आणि ‘पेरा’ म्हटले तर हातात नासपती पडते.

अभ्यासक्रम आणि काळ कसा निवडावा

सर्वात आधी नावाचा घोळ समजून घ्यावा. शहरात दोन विद्यापीठे आहेत. 1218 चे ते सरकारी सालामांका विद्यापीठ, आणि 1940 मध्ये स्थापन झालेले ते चर्चचे पोंतिफिसिया विद्यापीठ. दुसरेही मान्यताप्राप्त आहे आणि तेथेही परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवतात, परंतु प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का हवा हे ठरवूनच पैसे भरावेत. याशिवाय शहरात खाजगी भाषाशाळा पुष्कळ आहेत. त्यांतील एखादी निवडायची असल्यास इन्स्तितुतो सेर्वांतेसची मान्यता आहे का, एवढे तरी पाहावे.

सालामांका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे स्पॅनिश वर्ग ‘कुर्सोस इंतेर्नासियोनालेस’ या विभागामार्फत चालतात. काही आठवड्यांचे सघन भाषावर्ग, काही महिन्यांचे भाषा आणि संस्कृती यांचे एकत्र अभ्यासक्रम, परीक्षेच्या तयारीचे वर्ग आणि स्पॅनिश शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचे वर्ग असे त्यांचे ढोबळ प्रकार आहेत. शुल्क आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या विभागाच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातूनच घ्याव्यात. पत्रक वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: आठवड्याला वर्गाचे तास किती, वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी, आणि शेवटी मिळणाऱ्या कागदावर तास व पायरी दोन्हींची नोंद होते का. पुढे कोठेही प्रवेश घेताना हा तिसरा मुद्दा उपयोगी पडतो.

किती काळ जावे? सुट्टी काढून जाणाऱ्या नोकरदाराला चार ते सहा आठवडे पुरेसे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने जमल्यास एक पूर्ण सत्र काढावे. दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्याला मी सहसा परावृत्त करतो. कान सरावायलाच दहा दिवस लागतात आणि बोलणे सुटू लागले की परतीचे विमान.

ऋतूचा विचार बहुतेक जण हवामानाच्या दृष्टीने करतात, पण भाषेच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्थानिक विद्यार्थी आपापल्या गावी जातात आणि शहर परदेशी पोरांनी भरते. वर्गाबाहेर पडले की इंग्रजीच कानावर पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे हा काळ चांगला. मात्र सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, हे कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाने गृहीत धरावे. स्वेटर येथून नेऊ नये, तेथे घ्यावा; येथील स्वेटर तेथील थंडीपुढे टिकत नाही.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांसाठी स्पेनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे आणि अर्ज त्याने नेमून दिलेल्या केंद्रात द्यावा लागतो. कोणता व्हिसा लागेल हे मुक्कामाच्या लांबीवर ठरते, म्हणून अभ्यासक्रम ठरवण्याआधीच दिवस मोजावेत.

नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी शेंगेन अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. त्याचे प्रौढांसाठीचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाला पंधरा दिवस उरले असताना तरी तो दिलेला असावा लागतो; प्रत्यक्षात अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात, तेव्हा दोन-अडीच महिने आधी हालचाल सुरू करावी. किमान 30,000 युरो संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. नव्वद दिवस हे कोणत्याही 180 दिवसांच्या काळात मोजले जातात आणि शेंगेन क्षेत्रातील सर्व देश मिळून मोजले जातात. आधी जर्मनीत तीन आठवडे राहून आलेल्याचे तेवढे दिवस वजा होतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

नव्वद दिवसांहून अधिक राहायचे असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी अभ्यासक्रम पूर्णवेळ असावा, म्हणजे साधारणपणे आठवड्याला वीस तासांच्या आसपास. खर्चाची ऐपत दाखवताना स्पेनमधील ‘इप्रेम’ या निर्देशांकाचा आधार घेतात; तो 2023 मध्ये दरमहा 600 युरो असा ठरला, आणि अर्ज करताना चालू वर्षाचा आकडा पाहून मुक्कामाचे महिने त्याला गुणावेत. आरोग्य विमा स्पेनमध्ये काम करण्यास परवानगी असलेल्या कंपनीचा आणि पूर्ण संरक्षण देणारा हवा. प्रवासी विमा येथे चालत नाही. मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असल्यास पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलीस दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. पोलीस दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, घ्यावा आणि नंतरच स्पॅनिश अनुवाद करून घ्यावा. हा क्रम उलटा केला की अपोस्टिलच्या मजकुराचा अनुवाद राहून जातो आणि सगळे पुन्हा करावे लागते. एका वर्षी माझ्या ओळखीच्या विद्यार्थिनीचे एक महिन्याचे शुल्क याच कारणाने बुडाले. एजंटने ‘चालतं हो’ म्हटले होते. स्पेनमध्ये परदेशी नागरिकांविषयीची नवी नियमावली 20 मे 2025 पासून लागू झाली असून विद्यार्थ्यांच्या मुक्कामाचे नियम तीत बदलले आहेत, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांचा अनुभव आदराने ऐकावा, पण कागदपत्रांची यादी दूतावासाचीच मानावी.

सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने पोहोचल्यापासून एक महिन्याच्या आत परदेशी नागरिकाचे ओळखपत्र, ज्याला तेथे ‘तिये’ म्हणतात, त्यासाठी पोलिसांकडे अर्ज करायचा असतो. त्याआधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करून घ्यावी. तिला ‘एम्पाद्रोनामियेंतो’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारता येणे हीच पहिली तोंडी परीक्षा समजावी.

मुक्काम, जेवण आणि पहिला आठवडा

माद्रिदच्या बाराखास विमानतळावरून सालामांकाला थेट बस मिळते आणि माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून रेल्वे. बसने साधारण अडीच ते तीन तास लागतात.

राहण्याचे तीन मार्ग आहेत: स्थानिक कुटुंबात, विद्यार्थी वसतिगृहात किंवा भागीदारीतल्या घरात. ब1 च्या खालच्या विद्यार्थ्याने निदान पहिला महिना कुटुंबात राहावे, असे मी निक्षून सांगेन. रोज रात्री जेवणाच्या टेबलावर मिळणारा तासभर बोलण्याचा सराव कोणत्याही वर्गात मिळत नाही. भागीदारीतले घर स्वस्त पडते, पण त्यात भारतीयच भारतीय जमले तर स्पॅनिश दाराबाहेर राहते.

शाकाहाराबाबत आधीच लेखी कळवावे आणि ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नये. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) असे सांगितलेल्या एका विद्यार्थ्याच्या ताटात भाजी आली, ती चिरून टाकलेल्या खामोनच्या बारीक तुकड्यांसह. खामोन म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस. घरमालकिणीने प्रामाणिक आश्चर्याने विचारले, ‘पण हे कार्ने कुठे आहे, हे तर खामोन!’ म्हणून वाक्य पूर्ण पाठ करावे: ‘नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो’, म्हणजे मी मांस, खामोन आणि मासे खात नाही. अंडेही चालत नसेल तर ‘नि उएव्होस’ जोडावे, कारण बटाट्याची तोर्तिया ही अंड्याचीच असते. मेक्सिकोतील पोळीशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. दुपारचे जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचे नऊनंतर, या वेळांशी जमवून घेण्यास आठवडा लागतो. मधल्या भुकेसाठी ‘पिंचो’ आहेत, आणि त्यांसाठी पर्यटकांच्या चौकापेक्षा व्हान डाइक रस्ता बरा.

पहिल्या दिवशी पायरी ठरवण्यासाठी चाचणी होते. त्यात आदल्या रात्री रट्टा मारून आपली पायरी फुगवून घेऊ नये. वरच्या वर्गात गप्प बसण्यापेक्षा खालच्या वर्गात बोलणे केव्हाही फायद्याचे. वर्ग फारच सोपा किंवा अवघड वाटला तर बदलण्याची विनंती पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावी. शिक्षकांना ‘तू’ म्हणायला आपली जीभ वळत नाही. स्पेनमध्ये मात्र बहुतेक प्राध्यापक स्वतःच ‘तू’ म्हणायला सांगतात आणि आपण ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम धरून बसलो तर त्यांना दुरावा वाटतो. त्यांनी सांगितले की सोडून द्यावे. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांशी मात्र ‘उस्तेद’ च बरे.

वर्गाबाहेरचा अभ्यास

शहराचा जुना भाग युनेस्कोने 1988 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला आहे. व्हियामायोर गावच्या खाणीतला दगड संध्याकाळच्या उन्हात सोनेरी दिसतो, त्याचे फोटो सगळेच काढतात. आपण त्याचा पाठ्यपुस्तकासारखा वापर करावा.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर सोळाव्या शतकातील कोरीव काम आहे. मधोमध इसाबेल आणि फेर्नान्दो या राजदंपतीचे पदक असून त्याभोवतीचा मजकूर चक्क ग्रीकमध्ये आहे. उजव्या बाजूच्या खांबावर एका कवटीच्या डोक्यावर छोटा बेडूक बसलेला आहे. तो कोणाच्या मदतीशिवाय दिसला तर परीक्षेत पास, असा समज आहे. येथे मराठी विद्यार्थ्याने एक गोष्ट करावी. बेडूक सापडला तरी सापडला नाही असे दाखवावे आणि शेजारच्या अनोळखी स्पॅनिश माणसाला विचारावे, ‘दोंदे एस्ता ला राना?’ वर, खाली, उजवीकडे, कवटी, खांब, अजून थोडे वर: दिशांचे सगळे शब्द तो दहा मिनिटांत हातवारे करून शिकवतो, आणि तेही फुकट. नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर 1992 च्या दुरुस्तीच्या वेळी कोरलेला अंतराळवीर आहे. तोच प्रयोग तेथे पुन्हा करता येतो.

तीनशेहून अधिक दगडी शिंपल्यांनी मढवलेल्या ‘कासा दे लास कोंचास’ या वाड्यात सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथे रोज अर्धा तास बसून एकाच स्थानिक वर्तमानपत्राचे एकच पान वाचावे. एकच बातमी आठवडाभर कशी पुढे सरकते ते पाहिले की भूतकाळाची रूपे आपोआप रुजतात. कोणाला भेटायचे असेल तर प्लासा मायोर या अठराव्या शतकातील चौकात ‘घड्याळाखाली’ भेटायचे ठरवतात. ‘केदामोस देबाखो देल रेलोख’ हे वाक्य ज्या दिवशी सहज तोंडात येईल, त्या दिवशी शहर थोडे आपले झाले असे समजायला हरकत नाही.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि भाषेची पायरी सिद्ध करणारी परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देले’ हा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने दिला जाणारा डिप्लोमा असून त्याचे काम इन्स्तितुतो सेर्वांतेस पाहते. सालामांका विद्यापीठाचा त्या परीक्षांच्या कामात जुना सहभाग आहे. देलेमध्ये आपण पायरी आधी निवडतो आणि निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असतो. अ1 ते क1 या पायऱ्यांत परीक्षेचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटात 50 पैकी किमान 30 गुण लागतात. वाचन-लेखनातील भरघोस गुण ऐकणे-बोलण्यातली कमतरता भरून काढत नाहीत. आपल्याकडील विद्यार्थी नेमके येथेच अडकतात. हा डिप्लोमा कधी बाद होत नाही.

‘सिएले’ ही 2016 मध्ये सुरू झालेली संगणकावरची परीक्षा असून तिच्या मागे सेर्वांतेस आणि मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ यांच्याबरोबर सालामांका विद्यापीठही आहे. तीत पास-नापास नाही. चार भागांचे मिळून 1000 पैकी गुण मिळतात, त्यावरून पायरी कळते आणि प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. नोकरीच्या अर्जासाठी लगेच काहीतरी हवे असेल तर सिएले द्यावी, आणि भाषांतर किंवा अध्यापन हा पुढचा मार्ग असेल तर देलेच्या मागे लागावे. देलेच्या तारखा वर्षातून मोजक्याच असतात, नोंदणी बरीच आधी बंद होते आणि निकाल हाती यायला महिने लागतात. म्हणून परतीचे तिकीट काढण्यापूर्वी परीक्षेची तारीख पाहावी. शक्यतो अभ्यासक्रम संपल्यावर आठवड्याभरात, सालामांकात असतानाच परीक्षा द्यावी. भारतात परतून महिन्याने द्यायची म्हटले की कान पुन्हा मराठीला सरावलेला असतो.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक काम उरते. वर्गाचे तास, पायरी आणि गुण यांची नोंद असलेले प्रमाणपत्र विभागाच्या कार्यालयातून शिक्क्यासह हातात घ्यावे आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, एक वडिलांचे आणि एक आईचे. त्यामुळे आपले मधले नाव, म्हणजे वडिलांचे नाव, तेथे पहिले आडनाव म्हणून छापले जाण्याचा संभव असतो. दुरुस्ती लगेच होते, पण स्पेनमधील कार्यालये लोकांसाठी सहसा दुपारी दोनपर्यंतच उघडी असतात. विमान शनिवारचे असेल तर हे काम बुधवारीच उरकावे.